कमरेला शोभेल असं

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आलं ते कुणाला मारायला नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणाला मारण्याइतकी छाती आमच्या घराण्यात कुणाचीच नव्हती, आणि कुणी आमच्यावर चालून यावं इतके मोठे आम्ही नव्हतोही. काळी जमीन होती, ऊस आणि कापूस होता, दारात एक जीप होती आणि गोठ्याला लागून वेगळ्या छपराखाली चंद्री नावाची पांढरी घोडी होती. एवढ्यावर माणसानं दोन वेळा सुखानं भाकरी खावी. पण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, एकदा तेलगावला कसल्याशा बैठकीला गेले आणि संध्याकाळी परत आले ते तोंड पाडूनच. बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, ताट वाढलं. येसराची आमटी होती, सोबत चुलीवरून उतरलेली भाकरी आणि कांदा. दादांची ही सगळ्यांत आवडती गोष्ट. त्यांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

"काय झालं?" बाईनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"अण्णानं टेबलावर ठिवलं."

"काय ठिवलं?"

"रिव्हॉल्व्हर."

अण्णा हे शेजारच्या गावचे बागायतदार. दादांचं आणि त्यांचं शाळेपासून वाकडं. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, पण वाकडं मात्र नेमानं पाळलेलं. तर अण्णा बैठकीत शिरले, खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं, टेबलावर ठक् करून ठेवलं, आणि मग नमस्कार केला. दादा तेव्हा उभे राहून कालव्याच्या पाण्याबद्दल बोलत होते. "माझं बोलणं तितंच ऱ्हायलं," दादा म्हणाले. "समदे त्या वस्तूकडंच बघाया लागले."

"मग तुमी उद्यापासून वरवंटा न्या," बाई म्हणाली. "त्याचा आवाज त्याच्याहून मोठा येतो."

दादा हसले नाहीत. त्या रात्री ते उपाशी झोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढून बीडला अर्ज आणायला गेले. आमच्या भागातल्या पुरुषांना शेतात विहीर खणायला दहा वर्षं लागतात, पण असल्या कामाला एक रात्र पुरते.

परवान्याचं काम वर्षभर चाललं. चौकशीला शिपाई तीनदा आला आणि तिन्ही वेळा कोंबडी कापली गेली. अर्जात एक रकाना होता, शस्त्र कशासाठी हवं आहे असा. दादांनी आणि बापूकाकांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, त्या एका रकान्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी 'रानडुकरांपासून पिकाचे व जीविताचे संरक्षण' असं लिहिलं. आमच्या उसात रानडुकरं येत हे खरं. पण दादांनी त्यातलं एकही जवळून बघितलं नव्हतं, कारण डुकरं पहाटे येत आणि दादा आठला उठत.

परवाना हातात आला तेव्हा कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यासाठी दिंद्रुडहून इमामचाचांना बोलावणं गेलं. चाचांनी सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात काढलेली. निवृत्त होऊन गावी राहायला आले तरी बोटांना बंदुकीच्या तेलाचा वास तसाच होता. जिल्ह्यात कुठं कुणाची बंदूक अडली की बोलावणं त्यांनाच. आल्यावर ते ओसरीवर शहाबादी फरशीवर मांडी घालून बसले, चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, "पैले सांगा दादा. कशासाठी पायजे?"

"कशासाठी म्हंजे? असावं एक."

"असावं म्हणून कुनी चश्मा लावतो का? नजर बघून लावतो. तसंच हे हाय."

मग त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला. मी तेव्हा नववीतून दहावीत गेले होते, आणि उंबऱ्यावर वही घेऊन बसण्याचं नाटक करत होते. चाचांनी फरशीवर एकाखाली एक तीन चित्रं काढली. पहिलं लांब नळीचं, बावीस बोअरचं. "हे निशान्यासाठी. धक्का लागत न्हाई, हात उडत न्हाई, कागदात बारीक भोक पडतंय. पन जनावरावर झाडलं तर जनावर मरत न्हाई, फकस्त चिडतंय." दुसरं मध्यम नळीचं, बत्तीसचं. "हे घरासाठी. अंगनात कुनी घुसला, धा पावलांवर आला, तर हे कामाचं. अंगात वजन हाय, म्हणून हातात ठरतंय." तिसरं अगदी आखूड. "हेबी बत्तीसच. पन हे लपवायचं. ज्याला अंगावर लपवून फिरायचं हाय त्यानं घ्यावं. पाच पावलांच्या फुडं अल्ला मालिक."

"आन डुकराला?" दादांनी विचारलं, कारण अर्जात तसं लिहिलं होतं.

"डुकराला ह्यातलं कायच न्हाई. डुकराला बारा बोअरची बंदूक, न्हाईतर चढायला झाड."

मग बापूकाका पुढं सरकले. त्यांचा प्रश्न त्यांच्यासारखाच निघाला. "चाचा, लग्नात हवेत मारायला ह्यातलं कंचं बेस?"

चाचांनी खडू खाली ठेवला. "हवेत? हवेनं तुमचं काय वाईट केलंय? फटाके आना."

मी तोंडावर वही धरून हसले. बाई आत भाकऱ्या थापत होती, तिचाही हात एक क्षण थांबल्याचं मला ऐकू आलं. त्या दिवशी चाचांनी दोन तास समजावलं. पकड, वजन, नळी, नेम लावायची खाच, कुणाच्या पंजाला कसली मूठ. मला आजही ते सगळं पाठ आहे. ज्यांच्यासाठी सांगितलं त्यांच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. चाचा प्रत्येक चित्रापाशी विचारत की तुमचं काम काय, आणि दादा प्रत्येक वेळी विचारत की अण्णाचं ह्यातलं कंचं.

हल्ली आमच्या जिल्ह्यात कमरेला काहीतरी खोचलेली पोरं इतकी झाली आहेत की त्यांचं कुणाला काही वाटेनासं झालंय. मोबाइलवर फोटो टाकतात, गाडीच्या बॉनेटवर बसून, काळा चष्मा लावून, मागे गाणं. मी ते बघते तेव्हा मला या पोरांचा राग येत नाही, कंटाळा येतो. हे सगळं मी ओसरीवर बसून आधीच बघितलेलं आहे. तेव्हा फक्त फोटो काढायची सोय नव्हती.

दुकान औरंगाबादला होतं. मला दहावीची पुस्तकं घ्यायची होती म्हणून मीही जीपमध्ये मागे बसले. वाटेत खायला बाईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती बापूकाकांनी गेवराई यायच्या आत संपवली. दुकानदारानं हिरव्या कापडावर पाच-सहा रिव्हॉल्व्हरं मांडली. चाचांनी त्यातलं एक उचललं. मध्यम नळीचं, लाकडी मुठीचं, दिसायला अगदी साधं. उघडलं, चक्र फिरवून कान लावला, मिटलं. "हे घ्या दादा. जुनं हाय पन पोट साफ हाय. जिंदगीभर जाईल." दादांनी ते हातातही घेतलं नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका आखूड विलायती वस्तूवर होती. पांढरी शुभ्र मूठ, चांदीसारखं चकचकीत अंग. दुकानदार म्हणाला, निजामाच्या काळातल्या कुणा जहागीरदाराचं आहे. एवढं ऐकल्यावर बाकीची पाच तिथं नसल्यासारखीच झाली.

त्या दुकानात एक उभा आरसा होता. कशाला होता देव जाणे, पण दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक चांगलं ठाऊक असावं. दादा त्या आरशापुढे उभे राहिले. आधी डाव्या बाजूला खोचून बघितलं, मग उजव्या. मग अर्धं वळून बघितलं. मी बाईबरोबर साड्यांच्या दुकानात पुष्कळदा गेले आहे, पण खांद्यावर पदर टाकून बाईनं इतका वेळ आरसा कधी अडवला नाही. त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर कमरेला ठेवून दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले. पंगतीत बसल्यावर पोटात टोचतं का, हे बघायचं होतं. बापूकाका समोर वाकून बसले आणि "दिसतंय, दिसतंय, मूठ बराबर दिसतीया" असं सांगू लागले.

"दादा," चाचा हळू आवाजात म्हणाले, "हे लपवायचं हत्यार हाय. दाखवायचं न्हाई."

"मग मी शर्ट आत खोचीन," दादा म्हणाले.

आमच्या रिव्हॉल्व्हरची निवड अशी झाली. जे लपवण्यासाठी बनवलं होतं ते आम्ही चारचौघांत शोभतं म्हणून घेतलं. विलायती काडतुसांची तेव्हा टंचाई होती, दुकानदारानं कशीबशी बारा दिली आणि पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही म्हणाला. घरी आल्यावर बाईनं ती वस्तू हातात घेतली, तळहातावर जोखली आणि म्हणाली, "माजा अडकित्ता याच्याहून जड हाय." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ओढ्याच्या काठावर डबा ठेवून दोघा भावांना दहा पावलांवरून एकेक गोळी झाडायला लावली. डबा होता तिथंच राहिला. दादा म्हणाले उन्हाची तिरीप डोळ्यावर आली, बापूकाका म्हणाले डबाच लहान आहे. मी मागं लागले म्हणून चाचांनी रिकामं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं, मुठीवरची बोटं नीट बसवली, खांदा दाबून खाली केला. मी धरून उभी राहिले. चाचा मागून बघत होते. "पोरीचा हात थंड हाय," ते दादांना म्हणाले. "तुमच्यात हीच एक हाय." हे वाक्य मी पुढं कितीतरी दिवस अंगाखांद्यावर मिरवलं. सांगायची लाज वाटते, पण मिरवलं.

जाताना चाचांनी दोन काडतुसं वेगळी काढली. "ह्या दोन गोळ्या उडवायच्या न्हाईत. लगीन आसो, जत्रा आसो. कोन्ता वख्त कसा येईल, कुनी सांगितलंय?" बाईनं ती खणाच्या तुकड्यात गुंडाळून देवाच्या डब्यात ठेवली.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला विळे, कोयते, नांगर, जीप, सगळ्यांची पूजा होते, तशी त्या वर्षी रिव्हॉल्व्हरचीही झाली. पाटावर लाल कापड, त्यावर मधोमध ते. बापूकाकांना वाटलं की कपाळ कुठं आहे ते कळत नाही तर सगळीकडेच लावावं. त्यांनी हळद-कुंकू मुठीला लावलं, चक्राला लावलं, आणि नळीच्या तोंडात चिमूटभर सोडलं. वर झेंडूचं फूल खोचलं. आठ दिवसांनी चाचा साफ करायला आले तेव्हा आत तेल आणि कुंकू मिळून लाल चिखल झाला होता. मी चाचांना रागावलेलं तेवढंच एकदा बघितलं. "देवाला लावा, बैलाला लावा, ह्याला कावून लावता? हे मशीन हाय, मशीन!" बापूकाकांनी मान हलवली. पुढच्या दसऱ्याला त्यांनी फक्त नळीत घातलं नाही, बाकी सगळीकडे लावलंच.

त्या पहिल्या दसऱ्यानंतरच्या हिवाळ्यात दादा सोसायटीचे चेअरमन झाले. अण्णांचा माणूस पडला. मिरवणूक निघाली, हलगी आणि गुलाल, आणि चंद्रीच्या पाठीवर दादा. चंद्रीला हलगीची सवय होती. ती ठेक्यावर पाय उचलायची, मान वाकवायची, पैंजण वाजवायची. किसन नावाचा आमचा सालगडी तिचं सगळं करायचा, त्यानं तिच्या आयाळीत गोंडे बांधले होते. घोडीजवळ गोळी झाडायची नाही असं चाचांनी बजावलं होतं. बापूकाकांनी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत येता येता घोडीच्या शेजारून चालत देवाच्या डब्याबाहेरची आठही काडतुसं हवेत उडवली. प्रत्येक आवाजाला चंद्री अंग चोरत होती आणि किसन तिच्या मानेवर हात फिरवत होता.

पाराशी मिरवणूक थांबली. लोक ओरडत होते, अजून एक, अजून एक. दादा खाली उतरले, घरात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत खणाचा तुकडा होता. त्यातली एक गोळी त्यांनी घोडीच्या शेजारीच उभं राहून झाडली. चंद्री दोन पायांवर उभी राहिली, किसन ओढला गेला, लोक हसले. तेव्हा मी पारावरून उतरून पुढं गेले. "दादा, मला द्या. चाचा म्हणलेत, माजा हात थंड हाय."

दादा थांबले. "ही शेवटची हाय गं," ते म्हणाले. त्यांना चाचांचं बोलणं आठवलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मी त्यांना तिथंच सोडायला हवं होतं. पण गावाचे डोळे माझ्यावर होते आणि मला ते आवडत होतं. दादांच्या कुठल्या जागी बोट ठेवलं की माणूस हलतो हे मला घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हणाले, "अण्णाच्या पोरीला येतंय का आसं?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. मी चाचांनी शिकवल्याप्रमाणे धरलं, खांदा खाली केला, आणि आभाळात झाडलं. हात हलला नाही. शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी माझ्या अंगावर गुलाल टाकला. चंद्रीकडे मी बघितलंच नाही, मी लोकांकडे बघत होते. ती पाराच्या कडेला थरथरत उभी होती आणि तिच्या तोंडाला फेस आला होता, हे मला किसननं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर चंद्री बिघडली. कुकरची शिट्टी झाली तरी दावं ताणायची. कवाड आपटलं की छपराला धडका द्यायची. दादा म्हणायचे होईल सरळ. ती सरळ झाली नाही.

उन्हाळ्यात, ज्वारीची खळी उरकल्यावर, एका सकाळी किसन तिला कालव्याच्या रस्त्यानं पाण्यावर नेत होता. मागून ट्रॅक्टर आला आणि त्याच्या सायलेन्सरनं मोठा आवाज काढला. चंद्रीनं किसनच्या हातातून दोर ओढून घेतला आणि कोरड्या कालव्यात उडी टाकली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती दगडी तळावर कुशीवर पडली होती. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. घोडं ओरडत असेल असं मला वाटायचं. ती ओरडत नव्हती. नाकातून नुसता मोठा श्वास येत होता, दर श्वासाला पोट वर येत होतं, आणि डोळा उघडा होता. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लस टोचायला लांबच्या गावांना गेलेले, ते दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हते. बापूकाका जीप घेऊन दिंद्रुडला गेले आणि चाचांना घेऊन आले.

चाचा तळात उतरले. त्यांनी पायाला हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग चंद्रीच्या मानेवर हात ठेवून दादांना म्हणाले, "न्हाई जुडत दादा. घोड्याचा पाय हाय. तिला तडफडू देऊ नका." आणि हात पुढं केला.

दादांच्या कमरेला ते होतंच. ते आंघोळीखेरीज कधी काढत नसत. त्यांनी ते दिलं. चाचांनी उघडलं. सहाही घरं रिकामी होती.

"दोन ठिवलेल्या आना," चाचा म्हणाले.

कालव्याच्या दोन्ही काठांवर गाव उभं होतं. बाई घोडीच्या डोक्याशी बसली होती. बाई कधी चारचौघांत शेताकडे येत नसे, पण त्या दिवशी बादली घेऊन आली होती आणि पदर ओला करून चंद्रीचं तोंड पुसत होती. मी तिच्या मागं उभी होते. चाचांनी पुन्हा विचारलं, "दादा, दोन ठिवलेल्या?"

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही हे मला आज कळतं. ते म्हणाले, "न्हाईत. दोनी मीच उडवल्या."

मिरवणुकीत हजर असलेलं अर्धं गाव तिथं होतं. त्यांच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही. बाईनं मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पदर पिळला. मी तोंड उघडलं नाही. हात थंड असलेली ती मुलगी आईच्या पाठीमागं उभी राहून स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. आयुष्यात मी पुष्कळ माणसांची कीव केली, पुष्कळांना तुच्छ लेखलं. माझी नातवंडं म्हणतात की आजीच्या तोंडून कुणाबद्दल चांगलं निघत नाही. पण त्या मुलीला मी जितकं तुच्छ लेखते तितकं कुणालाच नाही.

जवळपास दुसरं हत्यार एकच होतं, अण्णांचं. दादा स्वतः गेले. डोक्यावर टोपी नव्हती, पायात एकच चप्पल होती, दुसरी कालव्यात राहिली होती. पुढचं मला बापूकाकांनी सांगितलं. अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. दादा त्यांच्यापुढं उभे राहून म्हणाले, "घोडी पडलीया. तुजं रिव्हॉल्व्हर पायजे." इतक्या वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदाच सरळ बोलत होते. अण्णा उठले, आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले. "काडतुसं हायती," ते म्हणाले. "पन माजं चालत न्हाई. आतली स्प्रिंग तुटलीया. दोन-तीन वर्सं झाली."

म्हणजे तेलगावच्या त्या बैठकीत टेबलावर ठक् करून ठेवलं होतं ते नुसतं लोखंड होतं. त्या मेलेल्या लोखंडापुढं माझ्या बापाचं बोलणं बंद पडलं होतं, त्यासाठी तो उपाशी झोपला होता, आणि त्याच्याशी बरोबरी करायला आमच्या घरात ती चकचकीत वस्तू आली होती. अण्णांकडे गोळ्या होत्या पण मारायला काही नव्हतं. आमच्याकडे मारायला होतं पण गोळ्या नव्हत्या. दोन पुढाऱ्यांचं मिळून त्या दिवशी कसंबसं एक रिव्हॉल्व्हर झालं.

अण्णा जीपमध्ये बसून स्वतः आले. चाचांनी त्यांची काडतुसं बघून तोंड वाकडं केलं, बत्तीसचीच होती पण जुनी, ओल लागलेली. दोन भरली. सगळ्यांना मागं सारलं. बाई उठेना, तिला दादांनी दंडाला धरून उठवलं. चाचांनी डाव्या हाताचा तळवा चंद्रीच्या डोळ्यावर ठेवला आणि चाप ओढला. टिक् असा आवाज झाला. गोळी फुटलीच नाही. चंद्रीचा कान हलला. अडलेली गोळी कधी उशिरानंही फुटते, म्हणून चाचा थोडा वेळ तसेच थांबले, हात न हलवता, ओठ पुटपुटत. मग दुसऱ्यांदा ओढला. सकाळी पडलेली घोडी दुपारी सुटली.

गावानं पुढं त्याचं काय केलं ते सांगायची गरज नाही. दादांचं नाव 'खाली दादा', म्हणजे रिकामा दादा, असं पडलं. बैठकीत कुणी ना कुणी विचारायचंच, "दादा, आज भरलेलं हाय का?" दादा कालव्याच्या पाण्याचंच बोलत राहायचे. त्यांनी पुन्हा एकही काडतूस आणलं नाही, आणि ते रिव्हॉल्व्हर कमरेचं काढलंही नाही. मरेपर्यंत ते रिकामं घेऊन फिरले. लोकांना वाटायचं, काय निर्लज्ज माणूस आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, किंवा वाटून घ्यायला सोयीचं होतं. शेवटच्या गोळीचा विषय त्यांनी माझ्यापुढं कधी काढला नाही. लग्नात नाही, भांडणात नाही, अंथरुणाला खिळल्यावरही नाही. दादांच्या सगळ्या गोष्टींना मी आयुष्यभर नावं ठेवली, पण एवढ्या एकीला मला नाव ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात माझा भाचा विक्रांत, धाकट्या भावाचा मुलगा, मोठी गाडी घेऊन दारात आला. दादांचं रिव्हॉल्व्हर ते गेल्यापासून पोलीस ठाण्यात जमा आहे. ते त्याला स्वतःच्या नावावर करून हवंय आणि त्यासाठी सगळ्या वारसांची ना-हरकत लागते. त्याच्या बापाची सही झाली होती, माझी राहिली होती. त्यानं अर्ज माझ्यापुढं ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. अर्जात तो रकाना अजून आहे. त्यात 'जीविताचे संरक्षण' असं आधीच टाइप केलेलं होतं.

"कशासाठी पायजे रे?" मी विचारलं.

"कशासाठी म्हंजे? आत्या, आज्याचं हाय. मूठ बघितलीत का त्याची? लई भारी दिसतंय. दसऱ्याला, लग्नाकार्यात, असावं एक घरात."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत जे कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, मुलांना नाही, ते मी त्याला सांगितलं. मिरवणूक, खणाचा तुकडा, अण्णाच्या पोरीचं नाव काढणं, कालवा, आणि गावापुढं उभा राहून खोटं बोललेला त्याचा आजा. बोलता बोलता दोनदा पाणी प्यावं लागलं. तो मोबाइल बाजूला ठेवून सगळं ऐकत होता, हे मान्य करते.

संपल्यावर त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग पुढं वाकून म्हणाला, "म्हंजे आत्या, तुमी सोता गोळी झाडल्याली? दहावीत? त्याचा फोटो हाय का कुणाकडं?"

मी अर्जाची घडी घातली आणि सही न करता त्याच्या हातात परत दिला.